हाक आणि हक्क

१४ एप्रिलचा दिवस आपल्या वस्तीत कसा उगवतो हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. विहाराला नवा रंग लागलेला असतो, पांढऱ्या साड्या पेटीतून बाहेर निघतात, पोरांच्या हातात निळे झेंडे असतात. आमच्या घरांतही हे सारे होते. फरक एवढाच, की आमच्या घरची कर्ती माणसे त्या दिवशी मिरवणुकीत चालत नाहीत. ती मिरवणुकीच्या मागे लाल बंबावर बसलेली असतात. कुठे फटाक्याची ठिणगी पडली, कुठे रोषणाईची तार जळाली, तर धावायचे त्यांनीच. आम्ही म्हणजे एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रामागच्या चाळीत राहणाऱ्या बायका. भीमेच्या खोऱ्यातील हे तालुक्याचे गाव आहे. त्याचे नाव लिहून काही साधायचे नाही. अशा नगरपरिषदा महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.

१४ एप्रिल या तारखेला आमच्या घरांपुरती आणखी एक आठवण जोडलेली आहे. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गासड्याही होत्या. आग विझवण्यासाठी जवान जहाजावर चढले, आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या ६६ जणांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

आमच्या केंद्रावर या सप्ताहाचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी नगरपरिषदेचे साहेब येतात, बंबाला हार घालतात, नारळ फुटतो, दोन मिनिटे शांतता पाळली जाते आणि मग भाषण होते. आमच्या माणसांना 'शूर जवान' म्हणतात. 'तुम्ही पगारासाठी काम करत नाही, सेवा म्हणून करता,' असे एक वाक्य त्यात हमखास असते. टाळ्या पडतात. आम्हीही वर्षानुवर्षे टाळ्या वाजवल्या. २०२३ साली मात्र हे वाक्य आले तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहिले. कारण त्या दिवशी केंद्रावरच्या ठेकेदारी फायरमनचा पाच महिन्यांचा पगार थकलेला होता.

आधी हे काम कसे असते ते थोडे सांगतो. आगीची खबर आली की तिला आमच्याकडे 'वर्दी आली' म्हणतात. वर्दी आली की घंटा होते, आणि जेवत असलेला माणूस ताटावरून, झोपलेला अंथरुणावरून उठतो. आमच्या पोरांना चालायला यायच्या आधी घंटेचा अर्थ कळतो. उन्हाळ्यात कडब्याच्या गंजी पेटतात, वाऱ्याने तारा एकमेकींवर घासल्या की ऊस पेटतो, गोठे पेटतात. बाजारात पत्र्याच्या दुकानांची रांग आहे, तिथे एक दुकान पेटले की दहा जातात. गॅसची टाकी पेटली तर सगळी गल्ली बाहेर पळते आणि दोन माणसे आत जातात, ती आमच्या घरची असतात.

आग हे एकच काम नाही. विहिरीत गाय पडली, बोलवा बंबवाल्यांना. झाड रस्त्यावर पडले, बोलवा. तळ्यात, विहिरीत कोणी जीव दिला, बोलवा. प्रेत तीन-चार दिवसांचे असले की काठावरची माणसे नाकाला रुमाल लावून मागे सरकतात आणि विचारतात, "तुमच्यातला कोण उतरतोय?" या 'तुमच्यातला'चा अर्थ अग्निशमन दलातला की आणखी कशातला, हे विचारणाऱ्यालाच ठाऊक. उतरतात मात्र आमचीच माणसे. घरी आल्यावर डोक्यावरून पाणी घेतात, दोन दिवस नीट जेवत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घंटा होते.

कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ साली मिळाली. ती मिळवून देण्यात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांचा हात होता, हे आपण जयंतीला अभिमानाने सांगतो. आमच्या केंद्रावर आठ तासांच्या तीन पाळ्या कागदावर आहेत. तेवढी माणसे नाहीत. मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, त्या ठेकेदाराची माणसे आणून भरल्या, आणि ती माणसेही पुरत नाहीत. म्हणून पाळी संपलेला माणूसही चाळीतच हवा, हाकेच्या अंतरावर. बायकोला माहेरी पोचवायचे तर परवानगी, लग्नाला जायचे तर परवानगी. आमच्यातली एक म्हणते, "बंब एक आणि कुत्रं एक, दोघांना दारात बांधलंय. तिसरे आमचे हे."

आता पैशाची गोष्ट. आमच्या चाळीत नऊ बिऱ्हाडे. पाच आपल्या समाजाची, बाकी मातंग, धनगर आणि एक मुसलमान कुटुंब. ही झाली जातीची मोजणी. चाळीत खरी भिंत होती ती दुसरीच. चार घरांत कायम नोकरी, वेतन आयोगाचा पगार. पाच घरांत ठेकेदारी, हातात साडेनऊ हजार. तेच काम, तोच बंब, तीच नळी. कायमवाल्यांच्या घरी पगार एक तारखेला नाही तरी दहा तारखेला येतो. ठेकेदारी घरांत डिसेंबर २०२२ पासून पगार थांबला. किराणा दुकानदाराने फेब्रुवारीत वही मिटली. एकीने मंगळसूत्राचे मणी ठेवून सोन्याच्या वाट्या गहाण टाकल्या. एकीच्या मुलीची परीक्षेची फी विहारातल्या भगिनींनी भरली. चाळीत एक घर गॅसवर आणि शेजारचे चुलीवर, असे झाले. आग विझवणाऱ्याच्या घरी चूल पेटवण्याची पंचाईत, असे म्हणून आम्ही हसत होतो. पण ते हसणे खरे नव्हते.

त्यातच त्या फेब्रुवारीत दुकानांच्या रांगेला आग लागली. जळती ताडपत्री एका ठेकेदारी मुलावर पडली. मान आणि उजवा हात भाजला. एकोणीस दिवस तो दवाखान्यात होता. ठेकेदार म्हणाला, या महिन्याच्या हजेरीपटावर याचे नाव नाही. नगरपरिषदेत सांगितले, हा ठेकेदाराचा माणूस, आमचा संबंध नाही. बिल भरले ते केंद्रावरच्या माणसांच्या वर्गणीतून आणि विहाराच्या दानपेटीतून. त्याची आई तालुक्याच्या त्या मोठ्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसून सगळ्यांना एकच विचारत होती, "माझा ल्योक नेमका कुणाचा माणूस हाय, तेवढं तरी सांगा."

आम्ही कचेरीत गेलो नाही असे नाही. मार्चमध्ये दोनदा आणि एप्रिलमध्ये एकदा गेलो. त्या वेळी निवडून आलेले सभागृह नव्हते. राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांची मुदत संपून तिथे प्रशासक बसले होते. नगरसेवकाच्या दारात जाऊन बसावे तर तो म्हणे, "वहिनी, आता मी माजी." साहेबांकडे जावे तर ते म्हणत, निधी आला नाही. ठेकेदाराला विचारावे तर तो म्हणे, बिल निघाले नाही. मात्र या सर्व माजी मंडळींच्या बंगल्यांवर पाण्याची टाकी भरायला बंब न चुकता जात होता. कोणाकडे लग्न असले की मांडवापुढे पाणी मारायला बंब. मोठा पुढारी येणार असला की चौक धुवायला बंब. त्यासाठी डिझेलला पैसे होते.

एकदा आमच्यातल्या एका धीट बाईने साहेबांना विचारले, "साहेब, माणसं कायम कधी करणार?" त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाचे नाव घेतले. तात्पुरत्या माणसांना मागल्या दाराने कायम करता येत नाही, असे म्हणाले. निकाल आहे, हे खरे. पण तो कायम करण्याबद्दल आहे. केलेल्या कामाचा पगार देऊ नका असे त्यात कुठे आहे? आम्ही ते विचारले तेव्हा साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, ही अत्यावश्यक सेवा आहे. सेवेत असा हिशेब करायचा नसतो."

त्या रात्री चाळीच्या ओट्यावर हा शब्द निघाला. आमच्यातल्या एकीच्या आजेसासूबाई नव्वदीच्या घरात आहेत. त्या ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या सासऱ्याकडं बी हीच सेवा होती. तिला वतन म्हणायचे. भाकर तव्यावर असू दे, पाटलाचा सांगावा आला की उठायचं. ह्यो नसला तर त्याच्या भावानं, त्यो बी नसला तर पोरानं. रात म्हणायची नाही, पाऊस म्हणायचा नाही. आन् मोल काय? कुणी सूप भरून जोंधळं घालायचा, कुणी शिव्या."

आजींचे बोलणे आम्हा सर्वांना लागले. महारकीचे वतन हे नुसते हलके काम नव्हते. कामाला वेळ नाही, कामाची यादी नाही, मोबदल्याची खात्री नाही आणि नाही म्हणण्याची मुभा नाही, या चार गोष्टींनी ते वतन बनले होते. गावाचे निरोप पोचवा, सरकारी माणसाबरोबर वाटाड्या म्हणून चाला, मेलेले जनावर ओढा. सगळे घर त्या हाकेला बांधलेले. १९२८ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामाचा ठरलेला पगार मिळावा आणि ज्याला वतन नको त्याला त्यातून सुटता यावे, यासाठी ती धडपड होती. त्यांच्या हयातीत ते पुरे झाले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली.

आम्ही अग्निशमनाच्या कामाला वतन म्हणत नाही, हे स्पष्ट करतो. हे काम मानाचे आहे. आमच्या माणसांनी ते परीक्षा देऊन, धावून, वजन उचलून, स्वतः निवडून घेतलेले आहे. जळत्या घरातून लेकरू बाहेर आणले की त्या घरचे लोक जात विचारत नाहीत, पाया पडतात. असे दुसरे काम आमच्या वाडवडिलांना मिळाले नव्हते. पण वेळ नाही, यादी नाही, मोबदल्याची खात्री नाही आणि नाही म्हणण्याची मुभा नाही, या चार गोष्टी ज्या दिवशी त्याला चिकटतात, त्या दिवशी मानाचे कामही वतन होते. भाषणातला 'सेवा' हा शब्द त्या वतनावर घातलेली शाल आहे.

मग संप करावा का? यावर विहाराच्या मागच्या खोलीत दोन संध्याकाळ बोलणे झाले. पुरुषांत दोन तट होते. तरुण मुले म्हणत होती, "एक दिवस बंब उभा राहू द्या, मग कळेल." एक वयस्क चालक आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी शांतपणे विचारले, "कळेल रे, पण कुणाला? ज्याचा गोठा जळेल त्याला. साहेबाचा बंगला काँक्रीटचा आहे." त्यावर कोणाला काही बोलता आले नाही. आग बहुधा पत्र्याला, कुडाला, कडब्याला लागते. दुसरा बंब येतो चाळीस किलोमीटरवरून. तोवर राख उरते. संप ज्याच्याविरुद्ध करायचा त्याला झळ नाही आणि आपल्याच माणसाची चूल मोडणार, हा पेच इतर कामगारांच्या संपात एवढा तीव्र नसतो. आणि हा पेच आमची माणसे सोडवू शकत नाहीत, याची नेत्यांना पक्की खात्री असते. आमच्या माणसांची माणुसकी हीच त्यांनी जामीन म्हणून धरलेली असते.

विहाराचे वाचनालय पाहणारे एक निवृत्त टपाल कर्मचारी आहेत, त्यांना वस्ती दादा म्हणते. त्यांनी कायद्याची बाजू आम्हाला सोपी करून सांगितली. १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधानसभेत औद्योगिक कलहाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे म्हणजे गुलामगिरी, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच साली ७ नोव्हेंबरला त्या विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला. म्हणजे संप ही आपल्या चळवळीला परकी गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट दादांनी सांगितली ती नागपूरची. नागपूर महापालिकेच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली महापालिकेचे एकेक खाते तपासले आणि अग्निशमन खातेही 'उद्योग' या व्याख्येत बसते, असा निर्णय दिला. 'तुम्ही कामगार नाहीत, सेवक आहात' हे बोलणे तिथेच संपते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अग्निशमन सेवा लोकोपयोगी सेवा म्हणून जाहीर करण्याची तरतूद होती. तशी ती जाहीर झाली तर संपाला १४ दिवसांची नोटीस लागे. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात नोटिशीची अट सर्वच उद्योगांना आहे. आता कोणीही नोटिशीशिवाय पाऊल टाकू नये.) १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात, ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यावा, असे होते. आणि १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत अग्निशमन दलाची नोकरी होती. भाजलेला मुलगा नेमका कोणाचा माणूस, या त्याच्या आईच्या प्रश्नाला कायद्याने कधीच उत्तर देऊन ठेवले होते. ते आमच्यापर्यंत कोणी पोचवले नव्हते.

तोडगा निघाला तो केंद्रावरच्या वर्दीच्या नोंदवहीतून. बंब किती वाजता निघाला, कुठे गेला, कोण कोण गेले, हे त्या वहीत लिहिलेले असते. अण्णांनी एप्रिलची पाने वाचून दाखवली. निम्म्याहून अधिक फेऱ्या आगीच्या नव्हत्याच. टाक्या, मांडव, चौक, बगीचे! आमच्यातल्या एकीने पटकन म्हटले, "मग संप आगीचा कशाला करता? संप टाकीचा करा."

तसेच ठरले. १४ दिवसांची लेखी नोटीस दिली. आग, अपघात, विहीर, पूर यांच्या सर्व वर्द्यांना पूर्वीप्रमाणे जाऊ. त्याखेरीज कोणतेही काम करणार नाही. थकलेला पगार, भाजलेल्या मुलाचा खर्च आणि समान कामाला समान वेतन एवढ्या तीन मागण्या. अग्निशमन सेवा हा विषय ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपरिषदांच्या कामांच्या यादीत आलेला आहे, तेव्हा ही जबाबदारी नगरपरिषदेचीच, हेही त्यात लिहिले.

सहीचा प्रश्न आला तेव्हा चाळीतली ती भिंत उभी राहिली. ठेकेदारी पाचजणांनी लगेच सही केली. त्यांच्याकडे गमावण्यासारखे उरलेच काय होते? कायमवाले चारजण थबकले. त्यांच्या घरच्या बायकाही. थोरल्या वहिनी सरळ म्हणाल्या, "आमचा पगार चालू आहे. आम्ही विस्तवात हात का घालायचा? उद्या वेतनवाढ रोखली तर तुम्ही देणार का?" हा प्रश्न स्वार्थाचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. त्यांच्या घरी दोन मुले शिकत होती आणि सासऱ्यांचे औषधपाणी होते. आपल्यातल्या ज्यांना घटनेमुळे कायम नोकरी मिळाली, ते आणि ज्यांना ती मिळायच्या आत ठेकेदारी आली ते, यांच्यात अशी भिंत आज प्रत्येक वस्तीत आहे. तिच्याविषयी आपण सभेत बोलत नाही.

दोन दिवस वहिनी कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या भाजलेल्या मुलाच्या घरी गेल्या. परत आल्या आणि नळावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्या दिवशी नळीचं तोंड त्यानं धरलं होतं. आमचे हे त्याच्या पाठीमागं होते. ताडपत्री चार पावलं मागं पडली असती तर मी आज दवाखान्यात असते. आगीला काय माहीत कोण कायम आणि कोण ठेक्यावर?" संध्याकाळी चारही सह्या झाल्या. आमच्या मते लढाई खरी जिंकली ती त्या संध्याकाळी.

पुढचे थोडक्यात सांगतो. मे महिन्याच्या मध्याला काम सुरू झाले, म्हणजे टाक्या बंद झाल्या. पहिल्याच दिवशी तीन बंगल्यांवरून फोन आले. चौथ्या दिवशी कायमवाल्यांना कारणे दाखवा नोटीस आली आणि ठेकेदाराने आपल्या पाचही माणसांना तोंडी सांगितले, उद्यापासून येऊ नका. तेव्हा आम्ही बायका नगरपरिषदेच्या फाटकासमोर जाऊन बसलो. जुन्या साड्यांचा मांडव, पाण्याचा माठ, भाकऱ्यांचे गठुडे आणि मधोमध बाबासाहेबांची तसबीर. अकरा दिवस बसलो. लहान पोरे पाळीपाळीने सांभाळली. "बंब बंद केला" अशी अफवा उठवली गेली, म्हणून आम्ही एक फळा ठेवला आणि रोजच्या वर्द्या त्यावर लिहू लागलो: अमुक वाजता, अमुक ठिकाणी, आग विझवली. येणारे-जाणारे थांबून वाचत.

सहाव्या रात्री लाकडाची वखार पेटली. घंटा झाली आणि सगळे गेले. ज्या पाचजणांना कामावर येऊ नका म्हटले होते तेही गेले. कोणी त्यांना बोलावले नाही, कोणी अडवलेही नाही. पहाटे परतले तेव्हा भुवया जळालेल्या होत्या. वखारीला लागून तेवीस घरांची वस्ती आहे, ती वाचली. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीतल्या बाया आणि बाजारपेठेतले काही व्यापारी आमच्या मांडवात येऊन बसले. व्यापारी यापूर्वी कधी आमच्याशेजारी जमिनीवर बसले नव्हते.

पण उपयोग झाला तो नोंदवहीचा. ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्या रात्री पाचांची नावे नव्हती. वर्दीच्या वहीत आणि आगीच्या अहवालात ती होती. कामगार कार्यालयाच्या अधिकाऱ्यापुढे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले गेले. भाजलेल्या मुलाच्या बाबतीतही तेच निघाले. हजेरीपटावर नाव नाही, पण वहीत ती वेळ, ते ठिकाण आणि त्याचे नाव, तिन्ही होते. म्हणून वाचकांना आमची एक विनंती आहे. आपला माणूस कुठेही ठेक्यावर असो, झाडलोट असो, पाणीपुरवठा असो वा दवाखाना, त्याच्या कामाची नोंद कुठल्या कागदावर होते ते शोधा आणि त्याची प्रत घरात ठेवा.

प्रांतसाहेबांनी बैठक बोलावली. थकलेल्या पगारापैकी चार महिन्यांचा पगार दोन हप्त्यांत मिळाला, पाचवा दिवाळीच्या तोंडावर. नोटिसा दप्तरी दाखल झाल्या. पाचहीजण कामावर परत आले. टाक्या भरणे काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाले, पण आता पावती फाडावी लागते, त्यामुळे तहान बरीच कमी झाली आहे! समान वेतनाचा प्रश्न अजून पडून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली जगजीत सिंग खटल्यात हंगामी, रोजंदारी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लागू केले; ठेकेदाराच्या पडद्याआडच्या माणसापर्यंत ते ओढून आणायचे काम बाकी आहे. भाजलेल्या मुलाचा भरपाईचा दावा चालू आहे. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे पूर्ण मिटत नाहीत. तरी तो बंबावर आहे.

२०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा अर्भके गेली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे डोळे ओले झाले होते. आठ दिवस सर्वत्र आग विझवण्याच्या साधनांची चौकशी चालली. ती साधने चालवणारी माणसे किती तास जागी असतात, त्यांना पगार मिळतो की नाही, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. उपाशी घरातून आलेला, सलग दुसरी पाळी करणारा माणूस शिडी चढताना किती सावध असेल, याचा विचार गावानेच करायला हवा. हा प्रश्न आमच्या नऊ घरांपुरता नाही.

२०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. इतक्या वर्षांनी उमेदवार आमच्या चाळीत आले. कोणी हात जोडले, कोणी हळदीकुंकवाचे निमंत्रण दिले. आम्ही सर्वांना ओट्यावर बसवले, चहा दिला आणि पाच प्रश्न विचारले. अग्निशमन केंद्रात मंजूर पदे किती आणि भरलेली किती? ठेकेदारी माणसाच्या हातात किती पडतात आणि त्याच्या नावावर बिल किती निघते? भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, त्याची पावती दाखवाल का? भाजला, पडला तर दवाखाना कोणाचा? आणि बंब आगीखेरीज कुठे कुठे जातो, त्याची यादी दर महिन्याला फळ्यावर लावाल का? काहीजणांनी कपाळाला हात लावला. एका तरुण उमेदवाराने वही काढून प्रश्न लिहून घेतले. तो निवडून आला आहे. सभागृहाच्या दुसऱ्याच बैठकीत त्याने पहिला प्रश्न विचारला, एवढे आम्हाला समजले आहे. उत्तर यायचे आहे.

भगिनींनो, आपल्या गावीही नवे सभागृह बसले असेल. हे पाच प्रश्न तिथे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. घरच्या माणसाची नोकरी जाईल या धाकाने तो गप्प असतो, तेव्हा बोलायचे काम आपले. आमच्या माणसांनी गावाच्या हाकेला कधी नाही म्हटले नाही आणि म्हणणारही नाहीत. पण जो हाकेला येतो त्याचा हक्क बुडवून गाव फार काळ सुरक्षित राहत नाही, एवढे आता आमच्या गावातल्या व्यापाऱ्यांनाही कळले आहे. नोंदवही नीट ठेवा, नोटीस लेखी द्या, आणि कायम आणि ठेकेदारी ही भिंत आधी आपल्या ओट्यावरून काढा. बाकीचे काम त्यानंतर जड जात नाही.

जयभीम.